चामटोलीतला सांगावा

यशोधरा : म्हणजे अजून सांगितलंच नाहीत.

राजेंद्र : हळू बोल.

यशोधरा : हळूच बोलतेय. आई तिकडे वांग्यांच्या वाफ्यात बसल्यात, इथून फाटकातून दिसतायत मला. काल सकाळी म्हणालात, बदलापूर सोडलं की रिक्षातच सांगतो. दुपारी म्हणालात, जेवण झालं की. रात्री म्हणालात, सकाळी. आता साडेदहा झाले.

राजेंद्र : सकाळी तिला बैलगाडीत बसवलं.

यशोधरा : काय?

राजेंद्र : ह्या फार्महाउसच्या पॅकेजमध्ये असतं ते. शेताला एक फेरी. ठाण्याची एक फॅमिली होती, त्यांच्या पोरांनी आईसोबत फोटो काढले. 'आजी, इकडे बघा, स्माइल.' ती बघत होती. अब उस टाइम पे कसं बोलू मी तिला, आई, आपला मिलिंद गेला म्हणून?

यशोधरा : मला बोललात तसंच.

राजेंद्र : तुला मी नाही बोललो. तूच फोन उचललेलास.

यशोधरा : हो. मीच उचललेला. गुरुवारी रात्री मस्कतहून फोन आला, दीर साइटवर तिसऱ्या मजल्यावरून पडले, आणि हिंदीतून एक माणूस मला 'बहनजी, हिंमत रखो' म्हणत होता. तेव्हापासून हिंमतच ठेवतेय. आज रविवार आहे. अख्ख्या आळीला माहीत आहे, फक्त त्यांच्या आईला माहीत नाही.

राजेंद्र : डॉक्टर काय बोलला होता, आठव. पुन्हा अटॅक आला तर आपल्या हातात काही नाही. धक्का द्यायचा नाही.

यशोधरा : मग हळू सांगा म्हणाले असतील. लपवा म्हणाले नाहीत. आणि एवढी काळजी होती तर गोळ्यांची डबी घरी का विसरलात? ती द्यायला आलेय मी. घर सोडून.

राजेंद्र : घरी कसं आहे?

यशोधरा : दारात चपलांचा ढीग आहे. स्वप्नाली सकाळपासून चहा करतेय. बारावीचं वर्ष तिचं, काका गेला म्हणून धड रडायलाही मिळालं नाही तिला. येणारा प्रत्येक माणूस आधी विचारतो, आई कुठे आहेत? मी काय सांगू? फार्महाउसवर गेल्यात?

राजेंद्र : सांगायचं ना, नातेवाइकाकडे आहे.

यशोधरा : सगळे नातेवाईक आपल्याकडे बसलेत! आणि ऐका. विहाराच्या फळ्यावर काल नाव लिहिलं. 'कालकथित मिलिंद शिवराम रोकडे.' मी पुसायला लावलं. रात्री पुन्हा कुणीतरी लिहिलं, आणखी मोठ्या अक्षरात.

राजेंद्र : लिहिणारच. मला तेच टेन्शन होतं. आई सकाळी दूध आणायला त्याच रस्त्याने जाते. साक्षरता वर्गात बसून पहिल्यांदा ती पोरांचीच नावं वाचायला शिकली. म्हणून काल उजाडायच्या आधीच नाल्याच्या बाजूने काढली तिला. कारखान्याच्या सेठला बोललो, कुठे जागा बघा. सेठने दोन मिनिटांत ह्या फार्महाउसच्या चिंतामणी साहेबांना फोन लावला. 'साईं, ले जाओ माताजी को, आराम कराओ.' माणूस चांगला आहे. हे साहेब-बाई पण चांगले आहेत.

यशोधरा : चांगलेच आहेत. मालिनीताई आत्ता मला भेटल्या. त्यांना कळेना, हातात पाण्याचा ग्लास द्यावा की गळ्यात पडावं. आणि ती स्वयंपाकवाली, कौसाबाई, ती तर मला बघून थेट चुलीकडे पळाली.

राजेंद्र : तिला सांगावं लागलं. कुणी चुकून बोलू नये म्हणून.

यशोधरा : म्हणजे गड्यामाणसांपर्यंत कळलंय.

राजेंद्र : यशो, मला काहीच वाटत नाहीये.

यशोधरा : म्हणजे?

राजेंद्र : काहीच. मिलिंद गेला, हे मला माहितीय. एजंटचा फोन आला, मंगळवारी पहाटेचं विमान आहे, कागद झालेत, तेही मी लिहून घेतलं. अक्षर पण चांगलं आलं. काल संध्याकाळी तिकडे झोपाळ्यावर बसलेलो. कोणीतरी जोक केला, सगळे हसले, मी पण हसलो. खोटं नाही, खरंच हसलो. मग म्हटलं, अरे, हे काय चाललंय. पण त्याचं पण काही वाटलं नाही.

यशोधरा : होतं असं.

राजेंद्र : झोपाळ्यावर बसून मी बोलून बघितलं. 'आई, एक वाईट बातमी आहे.' टीव्हीवाल्यासारखं वाटतं. 'आई, मिलिंदला लागलंय.' ते खोटं. 'आई, मिलिंद...' आणि पुढे गाडी जातच नाही.

यशोधरा : तुम्हाला मंगळवारपर्यंत ढकलायचंय. हो ना? पेटी दारात उतरली की आपोआप कळेल. सांगायचं काम पेटीनं करायचं. मी सून आहे त्यांची, आणि हे मी होऊ देणार नाही. माझे वडील गेले तेव्हा मला शाळेतून 'सहज' म्हणून घरी नेलं होतं. गल्लीच्या तोंडाला तिरडी दिसली. अजून विसरलेले नाही, आणि ज्यानं नेलं त्यालाही माफ केलेलं नाही. रिक्षा थांबवून ठेवलीय. अर्धा तास. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते.

राजेंद्र : तू नको. मी थोरला आहे.

यशोधरा : मग जा. गोळ्या खिशात ठेवा. मी इथेच आहे, हाक मारा.

(वांग्यांच्या वाफ्याजवळचा बांध. रखमा जमिनीवर बसली आहे. शेजारी कुणीतरी तिच्यासाठी आणून ठेवलेली प्लॅस्टिकची खुर्ची रिकामी.)

रखमा : ये. खुर्चीवर बस. मला नको ती, तिच्यात बसलं की पाय लोंबत्यात.

राजेंद्र : राहू दे. मी पण खालीच बसतो.

रखमा : रिक्षा आली मघाशी. यशोधरा ना?

राजेंद्र : हो. तुझ्या गोळ्या राहिलेल्या घरी.

रखमा : मंग इकडं नाय आली ती.

राजेंद्र : येते. चहा पितेय.

रखमा : तू प्यालास?

राजेंद्र : नको मला.

रखमा : पानी?

राजेंद्र : तहान नाही, आई.

रखमा : कालपासनं नाय तुला तहान. ह्या लोकांचं एक बरं हाय बघ. खोली शेनानं सारवलीया, आन् वर पलंग टाकलाय. पलंगावरच निजायचं तर सारवलं कशापायी? आन् गोठा बांधलाय पार तिकडं लांब. पाव्हन्याला वास नको यायला. पाव्हना आलाय गाव बघायला, आन् वास नको.

राजेंद्र : लोकांना आवडतं, आई. शहरातून येतात.

रखमा : आवडू दे की. मी काय नावं ठेवते व्हय. सकाळच्या गाडीचे बैल बी शिकल्यात. एक फेरी मारली की आपोआप थांबत्यात, कुनी हाकाय नको. गरीब हायेत. जेवन बी चांगलं. ती कौसाबाई हाताची चांगली हाय. रडते फार.

राजेंद्र : रडते?

रखमा : काल भात वाढताना माझ्याकडं बघून डोळं पुसलं. मी इचारलं, काय गं बाय? तर म्हनते, कांदा लागला. भात वाढताना कसला आलाय कांदा?

राजेंद्र : तिच्या घरचं काही असेल.

रखमा : आसंल.

राजेंद्र : आई, मला तुला एक सांगायचंय.

रखमा : थांब. आधी माझं ऐक. मंग तुझं. माझा बाप काय करायचा, तुला ठावं हाय का?

राजेंद्र : जनूआजा? शेतमजुरी. तूच सांगितलंस.

रखमा : मजुरी बी करायचा. पन गावात कुनी मेलं की सांगावा घेऊन त्यालाच धाडायचं. आमच्या जातीचं कामच व्हतं ते. पाटलाकडलं मानूस आलं अंगनात, की बाप इचारायचा, कुठं? मंग ते म्हनायचं, खरवईला लेक दिलीया तिला सांग, चामटोलीला भाऊ हाय त्याला सांग. निघाला बाप काठी घेऊन. पाऊस नाय, ऊन नाय. मला भाऊ नव्हता, म्हनून मी जायची संगट. सात-आठ वरसांची आसंन. ह्याच अंगाला आलोय आमी कितींदा.

राजेंद्र : हे कधी बोलली नाहीस तू.

रखमा : काय बोलायचं त्यात. दीक्षा घेतली तवा सोडलं त्यानं. पाटलाच्या वाड्यापुढं हुबा ऱ्हायला आन् म्हनला, आता तुमच्या मढ्याची खबर तुमची तुमी सांगा. लय मारलं त्याला. पन परत नाय गेला. काम वंगाळच व्हतं ते, कुत्र्यावानी अंगनात हुबं ऱ्हायचं, वरनं वतलेलं पानी प्यायचं. सोडलं ते बेस झालं. पन राजू, काम वंगाळ आसलं तरी माझा बाप ते नीट करायचा.

राजेंद्र : नीट म्हणजे?

रखमा : त्याची रीत व्हती. गावाची नव्हं, त्याची सोताची. सांगावा सांगून झाल्याबिगर त्या घरचं पानी प्यायचा नाय. ऊन कसलं बी आसू दे. मी रडायची तहानंनं, मला बी नाय पिऊ द्यायचा. म्हनायचा, ज्याचं सुख आपन आता मोडनार, त्याचं पानी आधी प्यायचं नाय. तू काल घरनं निघाल्यापास्नं माझ्या हातचं पानी घेतलं नाय.

राजेंद्र : आई...

रखमा : थांब म्हनलं ना. आजून नाय सरलं माझं. त्याची दुसरी रीत आशी, की रानात सांगायचं नाय. ज्याला सांगायचं ते मानूस वाटंत गावलं, शेतात एकलं गावलं, तर बाप म्हनायचा, चला घरी, पाटलाचा निरोप हाय. मंग ते मानूस म्होरं, आमी मागं. आन् बाप बोलत ऱ्हायचा. भात कसं पोसवलंय, बैल कितीला घेतला, काय बी. ते मानूस बी बोलायचं. मी मागनं बघायची त्याची पाठ. मला ठावं, बापाला ठावं, त्याला नाय. कधी कधी त्याला बी कळायचं. पन तो बी भाताचंच बोलायचा.

राजेंद्र : आणि घरी गेल्यावर?

रखमा : घरात बायामानसं हायेत का बघायचा. शेजार जागा हाय का बघायचा. मंग सांगायचा. मी एकदा इचारलं त्याला, इतकी वाट कशापायी चालवतोस, तिथंच सांग की. तर म्हनला, एकलं मानूस ऐकतं गं, ऐकायला काय, पन त्याला धरनार कोन?

राजेंद्र : मला वाटलं, इथे शांत आहे. चाळीत गर्दी, रडारड. तुझं हार्ट...

रखमा : तू मला रानात आनलंस, राजू.

राजेंद्र : चुकलं माझं.

रखमा : चुकलंच. पन तुला कुनी शिकवलं नव्हतं. मी बी नाय शिकवलं. लाज वाटायची मला त्या कामाची.

राजेंद्र : तुला कधी कळलं?

रखमा : शुक्रवारी. फोन वाजला नाय. तू म्हनलास, लाइन गेलीया. मी झाडताना बघितलं, वायर काढून ठिवलीया. मंग काल पहाटं नाल्याच्या अंगानं आनलंस. मंग पानी नाय. मी पाटलाची सून नाय रं, मी जनूची लेक हाय.

राजेंद्र : मग बोलली का नाहीस? दोन दिवस तू बैलगाडीत काय बसलीस, फोटो काय काढलेस...

रखमा : बोलली आसती तर तू सांगितलं आसतंस. आता बी बघ, नाव घेऊ नको. कोन ते मी इचारत नाय. इचारलं की तुला सांगावं लागंल.

राजेंद्र : छातीत दुखतंय का? खरं सांग. गोळी देऊ?

रखमा : दे. दुखत नाय काय. छातीत काय बी नाय. हात लावून बघ, गार हायेत हात. रडू येईल म्हनून काल रातभर वाट बघितली. नाय आलं. तुला आलं का?

राजेंद्र : नाही.

रखमा : मंग दोघं सारखीच. बोलव यशोधराला. घरी जाऊ.

राजेंद्र : यशो! यशो, इकडे ये.

यशोधरा : काय झालं? आई, बऱ्या आहात ना? अहो, तुम्ही सांगितलंत?

राजेंद्र : नाही.

यशोधरा : नाही? मग आता मीच... आई, हात द्या तुमचा. मला तुम्हाला एक...

रखमा : तू बी नको, पोरी. घरी सांग. घरी सगळी मिळून सांगा. मला येवढंच सांग, घरी कोन कोन हाय?

यशोधरा : स्वप्नाली आहे. शेजारच्या सगळ्या बायका आहेत. विहारातल्या जनाबाई कालपासून हलल्याच नाहीत. आणि उल्हासनगरहून शालनमावशी आल्यात.

रखमा : शालन आली?

यशोधरा : काल दुपारीच आल्या.

रखमा : माझी बहीन शालन?

यशोधरा : हो, आई.

रखमा : अकरा वरसं बोलत नाय ती माझ्याशी. ह्यांच्या मर्तिकाला बी आली नव्हती.

यशोधरा : आल्या त्या तुमच्या अंथरुणाजवळ जाऊन बसल्या. कुणाला बसू देत नाहीत तिथे. म्हणतात, रखमाला आणा.

रखमा : मंग सांगावा लहान-सहान नाय. ... बरं झालं. ती धरंल मला. तिचं हात मोठं हायेत पहिल्यापास्नं. उठवा मला.

राजेंद्र : हळू. माझ्या खांद्याला धर.

रखमा : माझं लुगडं वाळत घातलंय तिकडं, ते घे. आन् त्या कौसाबाईला सांग, रांधलेलं चांगलं झालं व्हतं. सांग, आता रडलीस तरी चालंल.

यशोधरा : मी सांगून येते.

(फाटकाजवळ, रिक्षात चढताना.)

यशोधरा : आई, तुम्ही मधे बसा, मी ह्या बाजूला बसते. दादा, घरी अंबरनाथला घ्या. सावकाश चालवा, खड्डे बघून.

राजेंद्र : आई, नीट टेकलीस ना? पाणी देऊ?

रखमा : तू बी पिऊ नको, मला बी नको. घरी. ... गप का बसलाव दोघं?

यशोधरा : काय बोलायचं, आई?

रखमा : मानसं रस्त्यानं जाताना बोलत्यात ते. गप बसलं की मला ऐकू येतं. राजू, तू बोल.

राजेंद्र : मला सुचत नाही काही.

रखमा : माझ्या बापाला बी सुचायचं नाय. तो भाताचं बोलायचा. तुला भातातलं काय कळतंय. तू तुझ्या कारखान्याचं बोल.

राजेंद्र : कारखान्याचं... सेठने नवीन मशीन घेतली, जीन्स धुवायची.

रखमा : केवढी हाय?

राजेंद्र : मोठी आहे. आपल्या खोलीएवढी. एका टायमाला दोनशे पँट जातात.

रखमा : आन् धुवायच्या कशाला? नव्याच असत्यात ना?

राजेंद्र : नव्याच. पण लोकांना जुन्या दिसायला पाहिजेत. म्हणून दगड टाकतात आत. हलके दगड असतात ते. पँट आणि दगड एकत्र फिरवायचे.

रखमा : फाटत नाय?

राजेंद्र : नाही. रंग जातो फक्त. गुडघ्यावर, मांडीवर... वापरल्यासारखी दिसते. मिलिंदला एक...

यशोधरा : अहो.

रखमा : दगड कुठनं आनत्यात?

राजेंद्र : बाहेरून. गोणीत येतात. आई, मला... मला नाही जमत...

रखमा : डोळं पूस. गोनीत किती येत्यात दगड?

राजेंद्र : माहीत नाही. चाळीस किलो असेल.

रखमा : बरं. आन् मंग?

राजेंद्र : मग पाणी सोडायचं.

रखमा : बोल रं. अजून बदलापूर बी आलं नाय.